तिचा अहवाल मी तपासून दिला

विमान चालवायला शिकत होतो तेव्हा आमच्या तुकडीत माझं लँडिंग सगळ्यात हलकं असतं, असं म्हटलं जायचं. आमच्या चीफ इन्स्ट्रक्टरनी एकदा सगळ्यांसमोर तसं बोलून दाखवलं होतं. ते मी त्या दिवशी घरी जेवताना दोनदा सांगितलं. आमचं घर शहराच्या जुन्या भागात, चामराजपेटेत. तीन पिढ्या शिवणकामाच्या, शाळेचे गणवेश शिवायचं दुकान. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. माझा पायलटचा पांढरा शर्ट त्यांनी स्वतः शिवला होता. खांद्यावरच्या पट्ट्या अडकवायचे बंद नीट बसेनात म्हणून तीनदा उसवून पुन्हा घातले होते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, मुलगा विमान उतरवतो तेव्हा आतल्या माणसाला कळतसुद्धा नाही. आत तेव्हा माझ्याशिवाय कुणी नसायचं, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

आमची धावपट्टी शहराच्या उत्तर टोकाला होती. तुकडीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि बेळगावची एक मुलगी. ती राजाजीनगरला आत्याकडे राहायची. मी बोलायचो ते आमच्या घरचं मराठी, निम्मं कन्नड मिसळलेलं, आणि ती बेळगावचं. पहिल्याच आठवड्यात मला विमानं ठेवायच्या हँगरच्या सावलीत बसलेला पाहून तिनं विचारलं होतं, "काय करूलास रे इथं एकटाच?" तेव्हापासून आमची मैत्री झाली. बाकीच्यांशी इंग्रजी-हिंदी, आणि आमचं दोघांचं हे.

तिला विमान टेकवायचं जमायला वेळ लागत होता. जमीन जवळ आली की नाक नेमकं कधी उचलायचं, हा तिचा प्रश्न. मी कँटीनच्या टेबलावर तळहात उताणा-पालथा करून तिला दाखवायचो. ती मन लावून ऐकायची, वहीत लिहून घ्यायची. मला ते आवडायचं.

ज्या दिवसाबद्दल लिहितोय त्या सकाळी मला एकट्यानं पाच फेऱ्या मारायच्या होत्या. उठायचं, धावपट्टीला वळसा घालून परत टेकायचं आणि लगेच पुन्हा उठायचं. छोटं, दोन माणसांचं विमान. पहिल्या तीन फेऱ्या छान झाल्या. चौथ्या वेळी वेग जास्त होता, आणि तो जास्त आहे हे मला दिसत होतं. होईल सांभाळून, असं वाटलं. विमान टेकलं आणि चेंडूसारखं वर उडालं. अशा वेळी इंजिनाला पूर्ण ताकद देऊन पुन्हा वर जायचं असतं, दुसरं काही करायचं नसतं. हे अगदी सुरुवातीलाच शिकवतात. मी ते तिलासुद्धा शिकवलं होतं. पण मी नाक खाली दाबलं. पुढचं चाक आधी आदळलं. माझे दात एकमेकांवर आपटले, हेडसेट एका कानावरून सरकला. विमान पुन्हा उडालं, पुन्हा पुढचंच चाक आधी आपटलं, आणि शेवटी कसंबसं सगळ्या चाकांवर बसलं.

पाचवी फेरी मी मारली नाही. टॉवरला सांगितलं की आज इथंच थांबतो. विद्यार्थ्यांची विमानं तिथं दिवसभर उड्या मारत असत, त्यामुळे टॉवरमधून कुणी काही विचारलं नाही. विमान जागेवर लावलं, उतरलो आणि भोवती चक्कर मारली. पंख्याच्या पात्यांच्या टोकांवरून बोट फिरवलं, ती ठीक होती. टायर ठीक होता. कुठं तेल गळत नव्हतं. नाकाच्या खाली वाकून पाहिलं, पण खरं पाहायचं तर जमिनीवर उताणं झोपून, टॉर्च लावून आत पाहावं लागतं. मी झोपलो नाही. शर्ट पांढरा होता, असं कारण मी त्या वेळी मनाला दिलं.

प्रत्येक उड्डाणानंतर विमानाच्या वहीत लिहायचं असतं, काही बिघडलं का, काही आदळलं का. त्या वहीला सगळे स्नॅग बुक म्हणत. काहीच झालं नसेल तर 'निल' लिहून सही करायची. त्यात "लँडिंग जोरात झालं, तपासावं" इतकंच लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी पेन हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिलो. कुणी ओरडेल याची भीती नव्हती. ते वाक्य माझ्या अक्षरात, माझ्या सहीसकट त्या वहीत राहील आणि पुढचा प्रत्येक जण ते वाचेल, हे मला नको होतं. मी 'निल' लिहिलं.

पुढची पाळी तिची होती. हेल्मेटनं चपटे झालेले केस नीट करत, स्कूटरची किल्ली खिशात टाकत ती आली. वारं कसं आहे, तिनं विचारलं. मी म्हटलं, स्वल्प बाजूनं आहे, बाकी काही नाही. मग तिनं विचारलं, "आणि विमान?"

"मस्त," मी म्हटलं.

ती पन्नास मिनिटं वर होती. मी कँटीनमधून चहा घेऊन बाहेर कुंपणापाशी उभा राहिलो आणि तिचं एकूण एक लँडिंग पाहिलं. मैत्रीण आहे म्हणून पाहतोय, असं मी तेव्हा समजत होतो. तिचं तिसरं लँडिंग जरा जड झालं, बाकीची चांगली झाली. तिनंही वहीत 'निल' लिहिलं.

अकराच्या सुमाराला इंजिनिअर सरांनी आम्हा दोघांना हँगरमध्ये बोलावलं. ते साठीच्या घरातले होते, कन्नड बोलायचे, आवाज कधी चढवायचे नाहीत. नेहमीच्या तपासणीसाठी ते विमानाखाली झोपले होते, तेव्हा त्यांना काहीतरी दिसलं होतं. त्यांनी आम्हाला एकेकाला खाली वाकून पाहायला लावलं. इंजिनामागे एक पत्र्याची भिंत असते, तिलाच इंजिन धरलेलं असतं आणि तिलाच पुढच्या चाकाचा पाय. त्या पत्र्याला सुरकुत्या पडल्या होत्या, इस्त्री न केलेल्या कापडासारख्या. दोन रिव्हेट सैल झाले होते.

चीफ आले. ते हवाई दलातून निवृत्त झालेले, प्रश्न मोजके विचारायचे. आधी माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "नॉर्मल होतं सर." मग त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली की तिचं तिसरं लँडिंग थोडं जड झालं होतं, पण एवढं नाही, असं तिला वाटतं. तेवढ्यानं चीफनी पूर्ण तोंड तिच्याकडे वळवलं. मग ते तिलाच प्रश्न विचारत राहिले, आणि मी तिच्या शेजारी उभा होतो. त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटते असं कुणी विचारलं, तर मी बहुतेक हेच सांगेन.

तिचं एकट्यानं उडणं थांबवलं. ते विमानही दुरुस्तीला उघडून ठेवलं. संध्याकाळी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी उड्या मारणाऱ्या कांगारूचं चित्र टाकलं. खाली हसरे चेहरे येत गेले. सगळ्यांचे आले आणि माझा आला नाही तर दिसेल, असं वाटून मीही एक टाकला. थोड्या वेळानं तिनं स्वतःच एक हसरा चेहरा टाकला.

दुसऱ्या दिवशी ती कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसली. हातात एक छापील पान होतं. चीफनी तिला लेखी अहवाल मागितला होता, तो वर नियामक कार्यालयाला जाणार होता. तिचं शिक्षण बेळगावला मराठी शाळेतलं. बोलायला तिला इंग्रजी उत्तम यायचं, लिहिताना धाकधूक व्हायची. जरा बघून दे की, ती म्हणाली.

मी वाचलं. तिनं लिहिलं होतं की तिसरं लँडिंग जोरात झालं असावं आणि किती जोरात, ते आपल्याला त्या वेळी कळलं नाही. उड्डाणाआधी तपासणी करताना त्या जागी आपल्याला काही दिसलं नव्हतं, म्हणजे एकतर नुकसान आपल्याच हातून झालं किंवा आधीचं असेल तर ते पाहण्यात आपण कमी पडलो. दोन्हीपैकी काहीही असलं तरी चूक आपली आहे, असं तिनं स्वच्छ लिहिलं होतं. 'आधीचं असेल तर' या शब्दांवर मी थांबलो. मान वर करून पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती, पण संशयानं नाही. स्पेलिंग चुकलंय का, एवढाच प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता.

मी पेन काढलं. दोन ठिकाणी क्रियापद सुधारलं, एक स्वल्पविराम घातला. 'असावं' असा अर्थ होईल असं तिनं जिथं लिहिलं होतं तिथलं व्याकरण चुकीचं होतं, तेही नीट करून दिलं. ती म्हणाली, थँक्स रे. मी म्हटलं, होतं असं कधी कधी, मनाला लावून घेऊ नकोस.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी उडत होतो. दुसऱ्या विमानावर, इन्स्ट्रक्टरसोबतही आणि एकट्यानंही. माझं लँडिंग हलकंच होत होतं. तिचं मात्र खरोखर बिघडलं. चीफ तिला सोबत घेऊन वर जायचे आणि ती कधी जमिनीपासून फार उंचावरच नाक उचलायची, कधी उचलायचीच नाही. उतरल्यावर ती मला एकदा म्हणाली की त्या दिवशी तिला धक्का जाणवलाच नव्हता. एवढा पत्रा दुमडला आणि आपल्या अंगाला कळलं नाही, म्हणजे आपल्या अंगातच काहीतरी कमी असणार. ज्याला कळत नाही त्यानं उडू नये. "बाबा पुढच्या आठवड्यात येणार आहेत, मी त्यांच्याबरोबर बेळगावला परत जाईन म्हणते," ती म्हणाली.

त्या रविवारी मी राजाजीनगरला गेलो. तिला सांगायचं, असं ठरवूनच गेलो होतो. बसमध्ये मनात वाक्यसुद्धा जुळवलं होतं. दार तिच्या आत्यानं उघडलं. माझं नाव कळल्यावर त्यांचा चेहराच बदलला. ती देवळात गेली होती, येईलच म्हणाल्या, आणि मला आत बसवून पोह्यांची अवलक्की केली, वर ओलं खोबरं, शेजारी ताक. मी नको म्हणत राहिलो. त्या म्हणाल्या, "खा की. तिथं सगळे हसले म्हणे तिला. तू एकटाच होतास धीर द्यायला, कागदसुद्धा तूच नीट करून दिलास. तुझं चांगलं होईल बघ."

मी ती सगळी अवलक्की खाल्ली. ती आली तेव्हा मी ताक पीत होतो. मी काही सांगितलं नाही. इकडून चाललो होतो म्हणून डोकावलो, एवढंच म्हटलं. निघताना आत्या जिन्यापर्यंत आल्या. बस स्टॉपवर दोन बस सोडल्या, तरी मागे फिरलो नाही.

घरी अण्णा काज करत बसले होते. मी आत न जाता त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं, 'निल'पासून ताकापर्यंत. त्यांनी सुई खाली ठेवली नाही, पण हात थांबला होता. विमानातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. त्यांनी एकच विचारलं की त्या मुलीनं त्याच विमानातून वर जाण्याआधी तुला विचारलं होतं का. मी हो म्हटलं.  मग ते म्हणाले, "उद्या सकाळी जाऊन सांग. मला सांगून काय उपयोग?" आणि पुन्हा काज करू लागले. त्यानंतर दुकानात येणाऱ्यांना माझ्या लँडिंगबद्दल त्यांनी कधी काही सांगितलं नाही. निदान माझ्या कानावर आलं नाही.

सोमवारी मी आधी इंजिनिअर सरांकडे गेलो. ते त्याच विमानापाशी होते, नाक उघडलेलं, इंजिन बाजूला स्टँडवर. मी कन्नडमध्ये सुरू केलं आणि मध्येच अडलो. ते म्हणाले, सरी, बरं, सावकाश सांग. मी सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले की पत्रा ज्या बाजूला दुमडलाय त्यावरून हे एका जड लँडिंगचं काम नाही, नाक दोनदा आदळलंय, हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. पण तिनं लिहून दिलं होतं आणि तू 'निल' लिहिलं होतंस, ते म्हणाले. माझ्यापुढे कागद होते, त्यावर मी काय बोलणार? मग त्यांनी मला त्या उघड्या भिंतीजवळ नेलं, कुठले रिव्हेट सैल झाले होते ते दाखवलं आणि सांगितलं की आणखी एखादं जड लँडिंग झालं असतं तर पुढचा पाय मोडून पंखा जमिनीत गेला असता. त्या वेळी आत कोण होतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

चीफच्या खोलीत मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मला कोरा कागद दिला. मी लिहीत असताना ते खिडकीपाशी उभे होते. लिहून झाल्यावर ते म्हणाले की त्याच दिवशी लिहिलं असतंस तर एक पान, एक तपासणी आणि माझ्याबरोबर दोन फेऱ्या, एवढंच झालं असतं. "इथं उडणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी नाक आपटलंय, मीसुद्धा." ते हे ओरडून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

तिला हे माझ्या तोंडून कळायला हवं होतं. पण मी चीफच्या खोलीत लिहीत होतो तेवढ्यात ती आली होती, आणि मी बाहेर पडल्यावर चीफनी तिला लगेच आत बोलावून तिचा अजून वर न पाठवलेला अहवाल परत दिला. मी व्हरांड्यात थांबलो. ती बाहेर आली तेव्हा तो कागद तिच्या हातात होता, माझ्या निळ्या पेनाच्या खुणांसकट. चीफना देताना तिनं नवीन प्रत काढली असेल, असं मी धरून चाललो होतो. तिनं काढली नव्हती, माझ्या दुरुस्त्यांसकट तेच पान दिलं होतं.

"हे तपासून दिलंस तेव्हा तुला माहीत होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि आत्याकडे आलास तेव्हा?"

"सांगायलाच आलो होतो."

तिनं कागदाची घडी घातली. मग तो बॅगेत ठेवला आणि हँगरकडे गेली. मी माफी मागितली ती तिच्या पाठीला. नंतर मेसेजही केला, लांबलचक. तिनं तो वाचला, उत्तर दिलं नाही.

माझं उडणं दोन महिने बंद झालं. त्या दोन महिन्यांत मी रोज हँगरमध्ये जायचो, इंजिनिअर सरांना पान्हे द्यायचो, विमानाखाली उताणा झोपून पाहायला शिकलो. ग्रुपवर माझ्यासाठी कुणी चित्र टाकलं नाही. सगळे माझ्याशी नीट वागले, फक्त मी आल्यावर बोलणं जरा हळू व्हायचं. तिचे बाबा आले तेव्हा ती त्यांच्याबरोबर परत गेली नाही. तीन आठवड्यांत तिचं लँडिंग पुन्हा सुधारलं. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची, वारं किती, धावपट्टी कुठली, आणि ते सगळं इंग्रजीत. लायसन्स मिळाल्यावर ती दुसऱ्या शहरात नोकरीला गेली. आज ती मोठी विमानं चालवते, हे मला ओळखीच्या लोकांकडून कळतं.

मी शिकवायला लागलो. गेली काही वर्षं नवीन विद्यार्थ्यांच्या पहिल्या वर्गात मी ही गोष्ट सांगतो, कारण अपघात छोटा असला तरी लगेच का कळवायचा ते यातून चटकन समजतं. पण सांगताना मी 'एक विद्यार्थी होता' असंच म्हणायचो. इंग्रजीत सांगायचो, नीट रचून, आणि गोष्ट चांगली रंगायची. हे बरेच वर्ग चाललं.

मागच्या वर्षी एका वर्गात एक तिशीची बाई होती. बँकेतली नोकरी सोडून आली होती. गोष्ट संपल्यावर तिनं विचारलं की त्या विद्यार्थ्याचं पुढं काय झालं. मी उत्तर तयार ठेवलं होतं, तो अजून उडतो, असं. तोंड उघडलं आणि म्हणालो, तो मी.  कुणीतरी खुर्ची सरकवली. मला वाटलं होतं की हे सांगितल्यावर थोडं हलकं वाटेल. कान तापले होते, आणि उरलेला अर्धा तास मी फळ्याकडेच तोंड करून शिकवलं.

त्याच आठवड्यात ती बाई माझ्याकडे आली. आदल्या दिवशी विमान ढकलून आत घेताना पंखाचं टोक हँगरच्या दाराला लागलं होतं. जोरात नाही, पण लागलं होतं. तिनं वहीत लिहिलं नव्हतं. मला राग आला, आणि तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असणार, कारण बोलता बोलता ती अर्धं पाऊल मागे सरकली. तिचं ते सरकणं पाहून मी राग गिळला. मग टॉर्च घेतला आणि तिला म्हटलं, चला, आधी बघून येऊ, मग दोघं मिळून लिहू. टोकाचा रंग बोटभर खरवडला होता. मी जमिनीवर झोपून खालून पाहिलं, मग ती झोपली, तिनं पाहिलं. लिहायला दहा मिनिटं लागली.

पंखाला दुसरं काही झालं नव्हतं. इंजिनिअरनी तपासून दुपारी विमान परत दिलं.